मीठ धरणारी माती

मिठाच्या भट्टीत झिलई लावत नाहीत, ती धरते. भांडं आत जातं तेव्हा कोरडं, मातकट असतं, अंगावर फार तर पातळ मातीचा एखादा हात फिरवलेला. मग दिवसभर जाळ. उष्णता बाराशे अंशांच्या वर गेली, सगळी भट्टी पिवळीधमक होऊन भांड्याची कड कुठली आणि आगीची कुठली हे कळेनासं झालं, की कुंभार भिंतीतली एक वीट ओढून काढतो आणि लोखंडी पट्टीवर घेतलेलं ओलसर जाडं मीठ आत लोटतो. आत तडतड होते. चिमणीतून पांढरा लोट निघतो. वीट परत जागेवर, थोडा वेळ जाळ, पुन्हा मीठ.

त्या तडतडीत मीठ फुटतं. पाण्याच्या वाफेशी गाठ पडून त्यातला क्लोरीन आम्लाची वाफ होऊन चिमणीवाटे निघून जातो, आणि सुटा झालेला सोडियम भट्टीभर हिंडतो. जिथे माती भेटेल तिथे तिच्यातल्या सिलिकाला, म्हणजे तिच्या वाळूला, जाऊन बिलगतो. त्या दोघांची काच होते. भांड्यावर जी चकाकी येते तिच्यातला बराचसा ऐवज भांड्याच्या स्वतःच्या अंगातला असतो. बाहेरून आलं ते फक्त मीठ, आणि तेही वाऱ्यावर.

कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला, वस्ती मागे पडल्यावर, माझ्या ओळखीच्या एका ताईंची अशी छोटी भट्टी आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या भट्टीच्या झरोक्यातून लांब सळई घालून मातीची एक कडी बाहेर ओढत होत्या. कडी पाण्यात बुडवली, निववली, नखानं खरवडून उजेडात धरली. तिच्यावर किती काच चढली ते पाहून आणखी मीठ घालायचं की थांबायचं हे ठरतं. “मी फक्त कुणाला किती द्यायचं ते ठरवते,” त्या म्हणाल्या, “वाढते ती आग.”

मी डोंबिवलीचा. मीठ आमच्याकडे असं मागवावं लागत नाही. खाडीवरून येतं, बोअरवेलमधून येतं, बांधकामाच्या वाळूतून भिंतीत शिरतं. पावसाळा संपला की तळमजल्याच्या भिंतींना लोणा लागतो; गिलाव्यावर पांढरी भुकटी फुलते, रंग पापुद्र्यांनी सुटतो, आणि सोसायटीच्या सभेत दरवर्षी तोच विषय निघतो. भट्टीतलं मीठ आणि हे मीठ एकच. थंडपणी मातीत शिरलं की ते तिला आतून फोडतं, आणि आगीत तिच्या अंगाला लागलं की तिला असं कवच देतं की पुढे पाणी, आम्ल, खार कशाचंच तिच्यावर चालत नाही. ही गोष्ट मला रसायनाच्या पुस्तकात कधी नीट कळली नव्हती.

खरी कारागिरी मात्र आगीच्या आधीची. ताईंच्या पडवीत स्लिपच्या बादल्या रांगेनं मांडलेल्या असतात. स्लिप म्हणजे पाण्यात कालवून, बारीक चाळणीतून गाळलेली माती. बादली ढवळून त्यात बोट बुडवायचं. बोटाची वळी झाकली गेली पण नखाचा आकार दिसतोय, म्हणजे दाटपणा जमला. भांडं अर्धओलं असतानाच ती द्यायची. पार वाळलेल्या भांड्यावर दिली तर अंगची माती आक्रसून चुकलेली असते, वरची अजून आक्रसायची असते, आणि थर सुटून येतो.

एका बादलीत केओलिन. पांढरी, शुद्ध, पण अल्युमिना जास्त असलेली माती. ती मिठाला सहज जवळ करत नाही. तिचा थर दिलेली जागा भट्टीतून कोरडीच निघते. मात्र मातीतल्या लोहाच्या अंशावर मिठाची नुसती झुळूक गेली तरी तिथे केशरी, कधी तांबूस अशी छटा उमटते, जी कुठल्याच डब्यातल्या रंगानं येत नाही. शेजारच्या बादलीत बॉल क्ले, चिकट, बारीक, सिलिकानं भरलेली. ती मीठ आधाशासारखी घेते आणि तुकतुकीत होते. तिसऱ्या बादलीत लोहाची तपकिरी माती. तिच्यावर मीठ बसलं की रंग एकसंध राहत नाही, फुटतो, ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतो. कोबाल्टची बादली लहान आणि झाकून ठेवलेली. ते महाग आणि फार बोलकं, चिमूटभरानं अख्खा घाणा निळा बोलू लागतो.

आता थर. आख्खं भांडं आधी केओलिनमध्ये बुडवून काढायचं. जरा ओढलं की खांद्यापर्यंत बॉल क्ले. ती ओली असतानाच चार बोटं वरून खाली फिरवायची. जिथे बोटं गेली तिथे खालचा थर उघडा पडतो. कच्च्या भांड्यावर हे जवळजवळ दिसत नाही, करडं आणि जरा कमी करडं एवढाच फरक. मिठाला तो अचूक समजतो. उघड्या पट्ट्या कोरड्या केशरी, मधल्या काचेसारख्या, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे बारीक रेघ, जी कुणी ओढलेली नसते. जाड बसलेल्या मिठाचा पोतही गुळगुळीत नसतो, बारीक खड्डे आणि उंचवटे येतात. कुंभार त्याला संत्र्याची साल म्हणतात.

स्लिपच्या वर झिलईही देता येते, पण तिथे हात राखून. साधी झिलई तिच्या तापमानाला जागेवर वितळते आणि थांबते. मिठाच्या भट्टीत तिच्यावर वरून सोडियम येऊन पडतो, तो तिला आणखी पातळ करतो, आणि ती चालू लागते. काठाला लाकडाच्या राखेची झिलई दिली असेल तर तिचे ओघळ खांद्यावरून उतरतात, लोहाच्या थरावरून जाताना मधाळ होतात, कोबाल्टवरून जाताना त्याला सोबत घेऊन निघतात. थर तीन झाले की पायाकडे दोन बोटं कोरी सोडायची, नाहीतर भांडं फळीला चिकटतं आणि छिन्नीनं तोडावं लागतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी केओलिन आणि अल्युमिनाच्या छोट्या गोळ्या ठेवतात त्या याचसाठी. मिठाच्या भट्टीतलं भांडं उलटं करून पाहिलं की बुडावर तीन फिकट ठिपके दिसतात; त्या गोळ्यांच्या जागा.

भांड्याच्या पोटात मिठाची वाफ नीट पोचत नाही, म्हणून आतून वेगळी झिलई ओतून, फिरवून, सांडून द्यावी लागते. आणि बाहेरही सगळीकडे सारखी पोचत नाही. आगीच्या तोंडासमोरची बाजू ओथंबलेली, पाठ कोरडी. आमच्या इमारतीत खाडीकडच्या खिडक्यांचे गज आधी गंजतात आणि रस्त्याकडचे पुढची काही वर्षं तसेच राहतात, तशातला प्रकार. ताई भांडी रचताना कुणाचं तोंड कुठे करायचं यावर बराच वेळ घालवतात. मला वाटतं भट्टी रचणं हाच शेवटचा थर. भट्टीच्या विटाही मीठ धरतात. दरवेळी त्यांच्यावर काच चढत जाते, आणि जुन्या भट्टीला नवीपेक्षा कमी मीठ लागतं, कारण मागच्या खेपांचं भिंतीतलं मीठही वितळून वाफेत येतं.

ही कला ऱ्हाइनच्या काठची. जर्मनीत मध्ययुगाच्या अखेरीस ती रुळली होती, आणि तिथल्या गावागावांचा थर वेगळा. फ्रेखेनचे लोक लोहाचा हात देत; त्यावर मीठ फुटून चित्त्याच्या अंगासारखे डाग येत, आणि त्या डागाळलेल्या बुधल्यांच्या गळ्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा उठवलेला असे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे दाढीवाले जगभर गेले. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ फुटलेल्या ‘बटाविया’ जहाजाच्या अवशेषांतही ते सापडले. वेस्टरवाल्डकडे करड्या मातीवर कोबाल्टचा निळा. लंडनजवळ फुलहॅमला जॉन ड्वाइटनं १६७२ मध्ये अशा भांड्यांचं पेटंट घेतलं. तिथून पुढे इंग्लंडात हा धंदा वाढला.

इथे का वाढला नाही? मीठ तर होतं. ठाण्याची खाडी, मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरं, उत्तरेला भाईंदर आणि वसई. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवायचं, उन्हानं आटवायचं. फाल्गुन-चैत्रात पांढऱ्या राशी उभ्या राहायच्या. आगऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यात राबल्या. कुंभारही होते, कल्याणात कुंभारवाडा आहे. अडलं ते मातीपाशी. आपली तांबडी-काळी माती लोहानं आणि चुन्यानं भरलेली. आव्यातल्या सातशे-आठशे अंशांना ती छान भाजते, पण मीठ धरायला साधारण अकराशेच्या पुढे जावं लागतं, आणि तिथवर पोचेपर्यंत आपलं मडकं बसतं, मग वितळतं. आपला कुंभार थर देतच होता: मडकं भाजण्याआधी त्याच्या अंगावर कावेचं पाणी फिरवायचं ही स्लिपच. पण त्या थराच्या वर बसायला आगीत मीठ आलं नाही. माठाला तर ते नकोच होतं. ज्यानं पाझरायचं, पाणी गार करायचं, त्याच्या अंगावर काच चढवून काय उपयोग?

तरीही मिठाची झिलई ठाण्या-कल्याणात आली, आणि अशी आली की जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत आहे. फक्त ती कुणी पाहत नाही, कारण ती जमिनीखाली आहे.

हेन्री डोल्टननं १८४६ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात सांडपाण्याचे नळ करायचा कारखाना काढला. स्टोनवेअरचे, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीचे, आतून-बाहेरून मिठाची झिलई धरलेले. कॉलऱ्याच्या त्या काळात शहरांना असा नळ हवा होता जो घाण शोषणार नाही, आम्लानं झिजणार नाही आणि आतून इतका गुळगुळीत असेल की काही अडकणार नाही. नळाला दोन्ही तोंडं उघडी, म्हणून मिठाची वाफ आतूनही फिरते. भांड्याच्या पोटाची अडचण इथे नाही. हेच नळ पुढे हिंदुस्थानात आले, इथेही बनू लागले, आणि त्यांच्यासाठी भारतीय मानकही ठरलं, क्रमांक ६५१. पीव्हीसी येईपर्यंत आपल्याकडच्या चाळींची, सोसायट्यांची गटारं याच तपकिरी नळांची असत. चार इंची, सहा इंची. एकाच्या रुंद तोंडात दुसऱ्याची शेपटी, मध्ये सुतळीचा वेढा आणि सिमेंट. मोरीचं पाणी ज्या चौकोनी तोंडाच्या, पोटात पाणी साठवून वास अडवणाऱ्या वाकड्या भांड्यातून जातं ती गली ट्रॅपही त्याच भट्टीतली. जुनी गली ट्रॅप धुऊन उन्हात ठेवा. तपकिरी, मध्येच मधाळ, कडेला काळपट, अंगभर संत्र्याची साल. एखाद्या दालनात काचेच्या पेटीत ठेवली तर लोक वाकून पाहतील.

आमच्या मागच्या गल्लीत पुनर्विकासाचं खोदकाम चालू असताना ढिगाऱ्यात असे नळ निघत होते. मी एक आख्खा तुकडा मागितला तेव्हा मुकादमाला वाटलं मला भंगार विकायचंय. “काका, ह्याला कोण घेतं? फोडून भरावात टाकतो आम्ही.” चिखल धुतल्यावर त्या तुकड्याच्या एका अंगाला ओथंबलेली काच दिसली आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ कोरी माती. कुठल्या तरी भट्टीत तो आगीकडे कूस करून उभा होता, हे इतक्या वर्षांनी, इतकी घाण वाहून नेल्यावरही वाचता येत होतं. डोल्टनलाही पुढे हे सौंदर्य जाणवलं असावं. नळांच्या कमाईवर त्यानं लॅम्बेथच्या कलाशाळेतली मुलं-मुली कारखान्यात आणली, आणि १८७० नंतर हॅना बार्लोसारख्या चित्रकर्तीनं त्याच नळांच्या मातीच्या कुलातल्या सुरयांवर गाई-घोडे कोरले. आपल्याकडे नळ आले, ती दुसरी पायरी आली नाही.

अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ उभा केला. गांधीविचाराचा माणूस, कुंभाराला चांगली माती, चांगली भट्टी आणि झिलईचं ज्ञान मिळावं ही त्यांची धडपड. बिहारच्या नवादाकडचा ब्रह्मदेव राम पंडित नावाचा कुंभाराचा मुलगा तिथे शिकला आणि पुढे भाईंदरला येऊन राहिला, मिठागरांच्या गावात. त्यांच्या स्टोनवेअरच्या झिलया देशभर गाजल्या, २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वाट मिठाच्या वाफेची नव्हे, झिलई कालवून देण्याची आहे. पण बिहारचा कुंभार विदर्भात शिकून ठाणे जिल्ह्यात भट्टी लावतो, ही या धंद्याची रीतच दिसते. मीठ जागचं असतं, माती आणि माणसं लांबून येतात.

मिठाची भट्टी गावात लावता येत नाही, हेही खरं. तो पांढरा लोट म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. इंग्लंडातही हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे आल्यावर या भट्ट्या मागे पडल्या. आणि ज्या डोंबिवलीनं प्रदूषणापायी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी रस्ता पाहिला, तिथे कलेच्या नावाखाली कुणी आणखी आम्ल सोडू लागलं तर मीच पहिला तक्रार करीन. ताई हल्ली पुष्कळदा मिठाऐवजी सोडा वापरतात. धुण्याचा नाहीतर खायचा सोडा गरम पाण्यात विरघळवून पंपानं भट्टीत फवारायचा. आम्लाचा धूर नाही. पण सोडा मिठासारखा भट्टीभर हिंडत नाही, जिथे पडतो तिथेच धरतो. त्यानं भांड्याच्या दोन बाजूंमधला फरक आणखी वाढतो, आणि थरांवर आणखी काम करावं लागतं. त्यांना सोडा आवडतो. मला अजून मिठाचंच पटतं, अर्थात भट्टी माझी नाही, खोकला माझा नाही.

राहिली लोणच्याची बरणी. अर्धी तपकिरी, अर्धी पांढरी, तोंडाला दादरा बांधून फडताळात बसलेली. तिच्यावर मिठाची झिलई नाही; ती मिठाला हरवून आलेल्या झिलईची. १८३५ च्या सुमारास ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेलनं जस्त आणि फेल्डस्पार घालून अशी झिलई काढली की मीठ, धूर, सळया, कड्या काहीच नको. कालवायची, बुडवायची, भाजायची. इंग्लंडातल्या जिंजर बिअरच्या बाटल्या याच झिलईच्या, वर तपकिरी आणि खाली पांढुरक्या. तीच जोडी आपल्या बरणीनं उचलली आणि आपलीशी करून टाकली. सौराष्ट्रात थान-मोरबीकडे पांढऱ्या मातीचा हा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुले नावाचे मराठी गृहस्थ होते. परशुराम पॉटरी त्यांचीच. लोणच्याच्या बरण्यांसाठी मराठी माणसानं गुजरात गाठावं यात मला काही विशेष वाटत नाही. माती तिकडे होती.

बरणीचं अंग दोनदा बुडवतात, अर्धं एका घोळात, अर्धं दुसऱ्यात, आणि कमरेपाशी दोन्ही थर बोटभर एकमेकांवर चढतात. तिथे झिलई दुप्पट जाड. भाजताना तपकिरी तिथे हलते, पांढऱ्यावर उतरते, कडेला पिवळट-हिरवट अशी एक तिसरीच पट्टी तयार होते. चांगल्या कारखान्यात ती पट्टी सरळ ठेवायचा आटापिटा असतो. आतल्या खाराला तिच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला पोटातली झिलई अखंड हवी, बस्स. वर्षभर आंबट-खारट पोटात घेऊन बसायचं म्हणजे धातूचं काम नाही, मडक्याचंही नाही. मडक्यातून खार पाझरून बाहेर त्याची पांढरी फुलं येतात.

गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या जांभळी नाक्याला एकानं पेंढ्यात बरण्या मांडल्या होत्या, अर्ध्या किलोपासून पाच किलोपर्यंत. मागच्या रांगेतल्या एका दोन किलोच्या बरणीवर तपकिरी चांगली पोटापर्यंत ओघळली होती, आणि ओघळाच्या टोकाला गढूळ मधासारखा थेंब थांबला होता. मी ती मागितली.

“ती राहू द्या काका, तिचा रंग उतरलाय. ही घ्या, सरळ आहे.”

मी उतरलेलीच हवी म्हटल्यावर त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून तिचा आवाज ऐकवला, झाकण फिरवून दाखवलं आणि न मागता वीस रुपये कमी केले. घरी बायकोनं ओघळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं बरणीत काठोकाठ मिठाचं पाणी भरलं आणि वर्तमानपत्रावर रात्रभर ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी कागद कोरडा होता. त्याच दुपारी तिनं कैऱ्या चिरायला घेतल्या आणि मला मोहरीची डाळ आणायला पिटाळलं.